तियो पोलोनच्या पिस्तुलाची चीर

जनरल सांतोस
३ जुलै १९९६

मानोय किरिनो,

वेल्डर म्हणजे दारोदार फुटकी पातेली सांधत फिरणारा, हे तू मागच्या पत्रात लिहिलंस ते मी काही गिळणार नाही. थोरला भाऊ झालास म्हणून काहीही लिहायचं का? इथे ट्यूना धरायला जाणाऱ्या बोटी माझ्या हाताखालून पाण्यात उतरतात. मी बोटीच्या पोटाला टाका घालतो आणि त्या टाक्याच्या भरवशावर तीस माणसं पंधरा-पंधरा दिवस समुद्रावर झोपतात. तुझ्या ऐरणीपुढे मात्र मी अजून भाता ओढणाराच.

तियो पोलोनच्या पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला, स्लाइडला, चीर गेली, रिकामं काडतूस जिथून बाहेर उडतं त्या खिडकीच्या कोपऱ्यापाशी, एवढं तू लिहितोस आणि दुसऱ्याच ओळीत निकाल देतोस की ही टाकायची आणि नवी करायची. एवढ्याशा चिरेसाठी? त्या स्लाइडवर आपल्या तातयचं फूल आहे, तीन पाकळ्यांचं. बाप गेला, त्याच्या कानशी निम्म्या गंजून गेल्या, आणि दानाओत त्याच्या हातचं शेवटचं जे पिस्तूल उरलंय त्याचा चेहराच तू भंगारात टाकायला निघालास. लोक काय म्हणतील ते सोड, तुला रात्री झोप कशी लागेल?

वेल्डिंग मार. आधी नीट गरम कर, चांगली कांडी घे, घाई करू नकोस, मग कानशीने साफ कर. तुला नव्या स्लाइडची घाई का आहे हे मला कळतं. सहकारी कारखान्यात नवं यंत्र आलंय आणि तुला ते फिरवून दाखवायचंय.

बेनिता वहिनीला सांग, पुढच्या वेळी सुकी मासळी पाठवू नको. इथे मासळीचा वास आला की माणूस उलट्या दिशेने चालायला लागतो.

तेरियो

*

दानाओ
१५ जुलै १९९६

दोंग,

तुझं पत्र मी बेनिताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमचा धाकटा पत्र लिहितो की भोंगा वाजवतो? मासळीचं तिने मनाला लावून घेतलंय, ते तू आणि ती बघा.

आता शांतपणे वाच. स्लाइड मी रॉकेलमध्ये बुडवून ठेवली, पुसली, वर खडू चोळला. तासाभराने खडूवर काळी रेघ उमटली. वरून चीर भाताच्या दाण्याएवढी दिसत होती, आतून ती करंगळीच्या पेराएवढी आहे. गोळी सुटली की ती स्लाइड सगळ्या जोरानिशी मागे येते, झाडणाऱ्याच्या तोंडाकडे. बोट फुटली तर माणूस पोहत तरी येईल. हिच्या मागे डोळा असतो.

तियो पोलोनचं म्हणशील तर ते एकसष्टचे झाले. खोबऱ्याच्या गोदामावर बावीस वर्षं पहारा करतायत. मालकाला आता शहरातल्या कंपनीचे टोपीवाले पहारेकरी हवेत. त्याने सांगितलंय, २६ ऑगस्टला जुन्या पहारेकऱ्यांची हत्यारं तपासणार, ज्याचं हत्यार धड नाही त्याने घरी बसायचं. म्हणून म्हातारा गेले सहा महिने दर रविवारी नेम धरून सराव करत होता. नोकरी वाचवायला जितके बार झाडले तितकी चीर वाढली. दुसरं पिस्तूल घेणं त्यांच्या आवाक्यातलं नाही, आणि नव्या परवान्याला वर्ष जाईल. परवान्याचा नंबर खालच्या सांगाड्यावर आहे, तेव्हा नवी स्लाइड चालते. चांगल्या पोलादाची लगड आणि कारखान्यातल्या यंत्राचं भाडं धरून चौदाशे पेसो होतात. म्हाताऱ्याकडे दोनशे आहेत.

एक विचारतो. खिडकीचा आतला कोपरा मी बोटाने चाचपला. तो गोल नाही, सुरीसारखा टोकदार आहे आणि चीर बरोबर तिथून निघालीय. टोकदार कोपऱ्यात जोर साचतो, हे तातयने आपल्याला कानस हातात द्यायच्या आधी शिकवलं होतं. मग त्यांच्याच पिस्तुलात असा कोपरा कसा राहिला? तुला काही आठवतं का? तेव्हा कामाच्या बाकावर तूच होतास.

किरिनो

*

जनरल सांतोस
२५ जुलै १९९६

मानोय,

मला काय आठवणार? आठ वर्षं झाली. मी सतरा वर्षांचा होतो, भाता ओढायचो आणि शिव्या खायचो.

आणि तुला ऐकायचंच असेल तर ऐक. तातयची नजर शेवटी शेवटी गेली होती. तू तेव्हा लग्न करून वेगळा राहत होतास, तुला काय दिसणार. हात थरथरायचा. कपातली कॉफी बशीत जायची. राहिला असेल एखादा कोपरा. म्हाताऱ्या माणसाचं काम आहे, त्यात एवढं खोदत काय बसायचं?

चौदाशे पेसो म्हणजे म्हाताऱ्याची चार महिन्यांची बचत. ते आणणार कुठून? तू त्याला नव्या स्लाइडचं सांगतोस म्हणजे उद्यापासून घरी बस असंच सांगतोस. वेल्डिंगला पन्नास पेसो लागतील. धक्क्यावर तो एक आहे ना, बोटींचं काम करणारा, त्याच्याकडे ने आणि माझी चिठ्ठी दाखव. कुठली कांडी, किती आच, सगळं सोबत लिहिलंय. तिसरी शिकलेल्या माणसाने लिहिलंय म्हणून हसायचं नाही. इथले परवानेवाले इंजिनियर माझा टाका बघायला येतात.

तेरियो

*

दानाओ
६ ऑगस्ट १९९६

दोंग,

तू जिंकलास.

तातयबद्दल जे लिहिलंस ते मी बेनिताला वाचून दाखवलं नाही. दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं. नजर गेली होती असेल, मी खरंच तिथे नव्हतो.

रविवारी तियो पोलोन आले होते. हातात नारळाच्या झावळीत बांधलेल्या भाताच्या चार पुड्या, म्हणजे फी आगाऊ. मी चौदाशेचं सांगितलं. म्हणाले, तुझा तेरियो बोटी सांधतो ना? तो काय म्हणतो? मी खरं ते सांगितलं, तो सांध म्हणतो. म्हातारा असा सुटल्यासारखा हसला की चौदाशेचा विषय मी तिथेच सोडला. म्हणाले, ज्याच्या टाक्यावर समुद्र थांबतो त्याच्या टाक्यावर माझी गोळी थांबणार नाही होय? जाताना बेनिताला सांगून गेले, तुझा दीर लहानपणी माझे आंबे चोरायचा, आज फिटले.

तेव्हा तुझ्या चिठ्ठीप्रमाणे करतो. धक्क्यावरचा वेल्डर हो म्हणालाय. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी टाका पडेल, शनिवारी, १७ तारखेला, सकाळी मागच्या माडांत जाऊन सात बार काढतो. आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. ज्याने दुरुस्त केलं त्याने पहिले सात स्वतःच्या हाताने झाडायचे. पिस्तूल खोडाला बांधून लांबून दोरी ओढायची नाही. तातय म्हणायचे, दोरी ओढणारा गिऱ्हाइकाला सांगतो की मला माझाच भरवसा नाही.

किरिनो

*

तार
जनरल सांतोस, १६ ऑगस्ट १९९६

झाडू नकोस. हात लावू नकोस. कोपरा माझा होता. पत्र येतंय. तेरियो

*

जनरल सांतोस
१६ ऑगस्ट १९९६

मानोय,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. मुकादमाला न विचारता तसाच तारघरात गेलो, हातात मुखवटा आणि बाह्यांवर राख. तिथल्या कारकुनाने विचारलं, कोणी गेलं का? मी म्हटलं, अजून नाही. त्याने शब्द मोजले, मी आणखी दोन घातले. तार उद्या सकाळी पोचेल म्हणाला. सकाळी म्हणजे किती वाजता, ते सांगेना.

तू वाचतोयस म्हणजे बरा आहेस. नसशील तर वहिनी वाचत असेल. वहिनी, मग हे सगळं माझ्यावर.

तो कोपरा तातयचा नाही. खिडकी मी कापली. पोलाद ताब्यात येतं का बघ म्हणाले आणि पहिल्यांदा माझ्या हातात पिस्तुलाचं काम दिलं. कोपऱ्यापाशी आलास की गोल कानस घे, असं दोनदा बजावलं. गोल कानस मला सापडली नाही. शोधली असती तर सापडली असती. त्या संध्याकाळी चौकात नाच होता आणि नवा शर्ट इस्त्री करून ठेवलेला होता. मी तिकोनी कानशीने कोपरा उरकला, पॉलिश मारून आरशासारखा चमकवला. तातयने दुसऱ्या दिवशी ती स्लाइड हातात घेतली, आतून अंगठा फिरवला, आणि काही न बोलता वर फूल ठोकलं. मी मनात म्हटलं, सुटलो. वर्षानुवर्षं म्हणत आलो, सुटलो. ते गेले तेव्हा महिन्याभरात मी इकडे आलो. लोकांना वाटलं याला बाकावर बसवत नाही. बसवत नव्हतंच. सुटीला गावी आलो आणि तियो पोलोन रस्त्यात दिसले की माझं लक्ष त्यांच्या कमरेकडे जायचं.

तातयची नजर चांगली होती. कॉफी सांडायची ते खरं, पण तो ताप होता. मी त्यांच्या नावावर ढकललं, कारण मेलेला माणूस उलट उत्तर देत नाही. नवी स्लाइड करायला घेतलीस की जुनी समोर ठेवून मापं घेणार, आणि तुला माझा हात ओळखू येणार, म्हणून मी ओरडत होतो सांध, सांध.

आणखी एक आहे. गेल्या महिन्यात एका बोटीच्या जाळं ओढायच्या यंत्राचा आस मी सांधला. टाका सुरेख बसला, मुकादमाने पाठ थोपटली. तिसऱ्या दिवशी आस मोडला. टाक्यावर नाही, टाक्याच्या शेजारी बोटभर अंतरावर. पोलादाला दिलेलं पाणी माझ्याच आचेने तिथे उतरलं होतं. एका माणसाची दोन बोटं गेली. हे झाल्यावरही मी तुला ती चिठ्ठी लिहिली. आच किती द्यायची ते लिहिलं, आचेने काय होतं ते लिहिलं नाही. बोटीचा पत्रा मऊ असतो, तो सांधला जातो. स्लाइड सांधली जात नाही. तू म्हणत होतास ते बरोबर होतं, आणि ते मला चिठ्ठी लिहितानाही माहीत होतं.

आपल्या घरची रीत माझ्या डोक्यातच आली नव्हती. मी चिठ्ठी लिहिताना पिस्तूल दिसत होतं, त्याच्या मागे कोण उभं राहणार ते दिसत नव्हतं.

तारेने कळव.

तेरियो

*

दानाओ
२८ ऑगस्ट १९९६

दोंग,

डोळे दोन्ही आहेत. तार करायला गेलो होतो, पण चार शब्दांत मावेना, म्हणून परत आलो. तुझे बारा दिवस वाईट गेले असतील. जाऊ देत, थोडे जायलाच हवे होते, असं बेनिताचं मत आहे.

शनिवारी झालं ते असं. टाका देखणा बसला होता, तो मी नाकारत नाही. मी आणि तियो पोलोन माडांत गेलो. म्हातारा म्हणत होता पिस्तूल माझं, पहिला बार मी झाडणार. मी म्हटलं, काम माझं. मग ते एका जाड माडामागे जाऊन उभे राहिले आणि तिथून सांगू लागले, किरिनो, तुझा डोळा गेला तर मला या घरात परत भात मिळायचा नाही, जरा मान कलती कर. एक झाडला, दोन झाडले, काही नाही. चौथा झाडला तेव्हा बेनिता पायवाटेने पळत येताना दिसली. ती मासळी घ्यायला बाजारात गेली होती, तारघरातल्या माणसाने तिला रस्त्यातूनच हाक मारून कागद दिला. धावताना तिची एक चप्पल चिखलात राहिली. कागद माझ्या हातात देऊन ती एवढंच म्हणाली, “आधी ते खाली ठेवा, मग वाचा.”

तीन बार राहिले ते राहिले. रीत मोडली.

घरी आणून पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू. टाका जसाच्या तसा. त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या काळ्या रेघा, एक तर वरच्या कडेपर्यंत पोचलेली. तियो पोलोनने चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं. म्हणाले, पाचवा की सहावा रे? मी म्हटलं, सांगता येत नाही.

तुझं पत्र त्यानंतर आठवड्याने आलं. आता मी जे लिहितो ते मी आठ वर्षांत कोणाला सांगितलं नाही, बेनितालाही परवाच सांगितलं.

तातय फसले नव्हते. त्यांच्या अंगठ्याला दिसायचं. त्याच दिवशी संध्याकाळी ते माझ्या दारात आले, अंगात ताप होता, ओसरीवर बसलेसुद्धा नाहीत. ती स्लाइड फडक्यात गुंडाळून आणली होती. म्हणाले, “तेरियोने कोपरा टोकदार ठेवलाय. माझा हात आज चालत नाही. तू गोल करून आण. आणि त्याला बोलू नकोस, पोराचं पहिलं काम आहे, हात बसतोय.” मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी कोंबड्यांची झुंज होती. माझा लाल कोंबडा उतरणार होता. मी स्लाइड तशीच फडक्यात ठेवली, झुंजीला गेलो, हरलो, दारू प्यायलो, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती तशीच नेऊन दिली. केलं का विचारलं, मी केलं म्हटलं. त्यांनी अंगठा फिरवला नाही. माझ्या शब्दावर ठेवली. आणि त्याच दुपारी पहिले सात बार त्यांनी स्वतः झाडले, दोंग. ताप असलेल्या हाताने, माझ्या शब्दावर.

मी तुला जुलैत विचारलं की कोपरा कसा राहिला, ते खोटं विचारणं होतं. तुला किती माहीत आहे ते मला बघायचं होतं. आणि तू तातयचं नाव घेतलंस तेव्हा मला रागही आला आणि बरंही वाटलं. ते पत्र मी खिशात का ठेवलं, ते आता तुला कळेल. टाका मारायला मी तुझ्या हट्टाने तयार झालो नाही. टाक्याने जमलं असतं तर तो कोपरा मला पुन्हा समोर घेऊन बसायला लागलं नसतं.

पुढचं ऐक. पोलादाची लगड कारखान्यातून उधार घेतली. यंत्रावर फक्त बाहेरचं काढलं, खिडकी हाताने कापली. कोपरे गोल कानशीने केले, चारही, आणि बेनिताला प्रत्येकात बोट घालून बघायला लावलं. ती म्हणाली, यापेक्षा लग्नाआधी तुम्हाला तपासलं असतं तर बरं झालं असतं. तियो पोलोन चार दिवस बाकाशेजारी बसून होते, मदत म्हणजे गप्पा. २४ तारखेच्या शनिवारी सात बार पुरे झाडले. सोमवारी तपासणी झाली. मालकाच्या माणसाने पिस्तूल उलटंसुलटं केलं, स्लाइड मागे-पुढे ओढली, वही काढली आणि लिहिलं, चालेल. म्हाताऱ्याची पाळी मंगळवारपासून पूर्ववत. त्याने गोदामाच्या दारात सगळ्यांना सांगितलं, तेरियोच्या तारेने नोकरी वाचली. मी दुरुस्त करायला गेलो नाही.

जुन्या स्लाइडचे करवतीने दोन तुकडे केले, पुन्हा कोणाच्या हाताला नको. फुलाचा तुकडा म्हाताऱ्याने मागून घेतला. नव्यावर मी फूल ठोकलं नाही. ठसा पेटीत आहे, पण तो माझा नाही.

कारखान्याला चौदाशे द्यायचेत. तियो पोलोनचे दोनशे मी घेतले नाहीत. मला वाटतं आपण दोघांनी निम्मे निम्मे द्यावेत. दोष कोणाचा किती, ते मोजायला बसलो तर आपण दोघेही खोटं मोजू.

किरिनो

*

जनरल सांतोस
७ सप्टेंबर १९९६

मानोय,

तुझं पत्र धक्क्यावर एका उलट्या पिंपावर बसून वाचलं. कोंबड्यापर्यंत आलो आणि हसायला लागलो. बाजूचा म्हणाला, घरून बरी खबर आहे वाटतं. मग पुढचं वाचलं आणि पिंपावरून उठून धक्क्याच्या टोकाला गेलो.

मला इतकी वर्षं वाटत होतं, मी बापाला फसवलं. आणि ते तापात उठून तुझ्या दारापर्यंत चालत आले, मला बोल लागू नये म्हणून. तो रस्ता चढाचा आहे. मला तेवढाच रस्ता सारखा दिसतोय. तुझ्यावर रागावावं असं मी दोन दिवस ठरवत होतो. कारण चांगलं होतं, पण राग टिकला नाही. तू फडकं उघडलं नाहीस, मी कानस शोधली नाही. नाच तरी बरा होता, तुझा कोंबडा तर हरला.

ज्या माणसाची बोटं गेली त्याच्याकडे रविवारी गेलो. आस मी सांधला होता हे त्याला सांगितलं. त्याला माहीत होतं. त्याच्या बायकोने कॉफी दिली, तो डाव्या हाताने कप धरायला शिकतोय. मुकादमालाही सांगितलं की आस सांधायचा नसतो, बदलायचा असतो, आणि यापुढे मी सांधणार नाही. तो म्हणाला, मग दुसरा सांधेल. तो दुसरा माझ्या शेजारीच झोपतो, त्याला मी सगळं समजावून सांगितलं. तोही नाही म्हणाला. आता मुकादम आम्हा दोघांशी बोलत नाही, पण नवा आस मागवलाय.

तियो पोलोनला म्हण, तारेचं गावभर सांगू नका. त्या तारेआधीची चिठ्ठी कोणाची होती, तेही मग सांगावं लागेल. नाहीतर तूच सांग, मला चालेल. वहिनीची चप्पल गेली ती माझ्यामुळे, तिला विचार कुठल्या रंगाची हवी. मासळीही पाठवू दे, वासाची मला सवय झालीय.

मी चौदाशे पेसो काढून ठेवले होते. सणाला येण्यासाठी जमवलेले होते, आणि हिशेब तुझा असला तरी मनात होतं की सगळे मीच भरावेत. काल पाकिटात घातले आणि परत काढले. सगळे भरले तर दोष पुन्हा मी एकट्याने घेऊन बसलो असं होईल, आणि तू लिहिलंस ते वाचलंच नाही असं होईल. तुझे निम्मे तुझेच राहू देत. माझे बेनिता वहिनीच्या नावाने मनीऑर्डरने आजच पाठवले. तुझ्या नावाने आले असते तर वाटेत कुठला तरी कोंबडा आडवा गेला असता. उरलेल्यांत बोटीचं तिकीट येतं, बाविसाव्या तारखेचं. पोचले की मोजून घे.

सातशे पेसो.

तेरियो